अनुमोदक

ग्रामसभा दुपारी तीनची. मालन मोहिते मात्र दोन वाजताच पंचायतीच्या हॉलात येऊन पुढच्या सतरंजीवर बसली होती. बाईला गावच्या कारभाराची फार कळकळ होती म्हणाल, तर छे! शोषखड्डे, घरपट्टी, वित्त आयोगाचा आराखडा, हे सगळं तिच्या एका कानातून आत जायचं आणि दुसऱ्यातून बाहेर. ती यायची ती भिंतीवरच्या टीव्हीकडे बघायला.

त्या टीव्हीचं असं आहे. गाव लांज्यापासून बारा किलोमीटर आत, आणि गावाची निम्मी माणसं दिवा, कळवा, नालासोपाऱ्यात. ग्रामसभेला हजर कोण, तर म्हातारीकोतारी आणि पंचायतीचा शिपाई. मुंबईकर गणपतीत नाहीतर मे महिन्यात उगवायचे, "आमचा रस्ता का नाय झाला?" म्हणून सरपंचाच्या नावानं बोटं मोडायचे आणि गाडी पकडायचे. चार वर्षांपूर्वी सखू पवार सरपंच झाली तेव्हा तिनं ठणकावलं, "बोटं मोडायची तर समोर बसून मोडा!" तेव्हापासून सभेची लिंक मुंबईकरांच्या ग्रुपवर जाते, पंचायतीची ऑपरेटर योगिनी स्टँडवर मोबाईल बसवते आणि टीव्हीवर चौकटी-चौकटींत मुंबईकर दिसायला लागतात. काय एकेक नग! कोणी बनियनवर, कोणी रिक्षात. मागे महिपतनं स्मशानशेडवर जोरदार भाषण ठोकलं आणि फोनचा आवाज बंद करायला विसरला. पुढची पाच मिनिटं त्याची बायको त्याला कोथिंबिरीवरून काय काय बोलली ते सबंध ग्रामसभेनं ऐकलं. पण खोटं कशाला बोला, त्या चौकटींनी गावाचं भलंच केलं. मुंबईच्या पोरींनी विचारून विचारून पंचायतीला भंडावलं, तेव्हा कुठं शाळेचं गळकं छप्पर दुरुस्त झालं. ज्या बाया सभेत पदराआडून बाहेर येत नव्हत्या, त्यासुद्धा आता हात वर करून उभ्या राहतात.

मालन त्या चौकटींखालची नावं वाचायची. सावकाश, एकेक अक्षर लावून. तिला एकच नाव हवं होतं, राजेंद्र. चार वर्षांत ते एकदाही आलं नव्हतं.

राजेंद्र म्हणजे तिचा मुलगा, एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी तो घरातून गेला तो पुन्हा आलाच नाही. हरवला वगैरे नव्हता. दिव्यात होता, तिचा पुतण्या धाकू राहतो त्याच्या शेजारच्याच चाळीत, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. मालन दर मे महिन्यात धाकूबरोबर कुळथाचं पीठ आणि आमसुलं पाठवायची. मग शेजारणीच्या फोनवरून धाकूला विचारायची, "घेतलान? काय म्हणालान?" धाकू म्हणायचा, "घेतलान ना काकी." काय म्हणाला ते धाकू कधी सांगत नसे. पोराला काही म्हणायचंच नसेल, तर धाकू तरी कुठून आणणार!

आणि हे सगळं कशावरून, तर एका मतावरून.

मालनचा नवरा आत्माराम, लांज्याच्या पोस्टातून निवृत्त झालेला पोस्टमन. वाचण्याचा नाद असा, की भजी ज्या कागदात बांधून आली तो कागदही वाचल्याशिवाय टाकायचा नाही. अकरा वर्षांपूर्वी पंचायतीची निवडणूक लागली आणि बौद्धवाडीच्या जागेवर तो उभा राहिला. त्याचं एकच म्हणणं, वाडीत वाचनालय पाहिजे. समोर उभी सखू, त्याच वाडीतली. तिचं म्हणणं, वाचनालय नंतर, आधी नळ.

आता मालननं काय करावं? पंचवीस वर्षं ती खालच्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी आणत होती. उन्हाळ्यात पऱ्याचं पात्र सुकलं की त्यातच खड्डा खणायचा, झिरपेल ते पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं आणि चढ चढून वर यायचं. मतदानाच्या दिवशीही ती दोन खेपा करूनच गेली होती. मशीनसमोर उभी राहिली तेव्हा तिचा हात नवऱ्याच्या चिन्हाकडेच गेला होता. पण मान दुखत होती. तिनं हात तसाच खाली नेला आणि सखूच्या चिन्हासमोरचं बटण दाबलं. घरी येऊन आत्मारामला चहा करून दिला.

मतदान गुप्त असतं ते कायद्यात. आमच्याकडे कुठल्या घरातली किती मतं कुणाची, हे आदल्या दिवशीच ओटीवर चहा पिता पिता ठरलेलं असतं. आत्मारामनं आणि त्याचा दोस्त भागोजीनं अख्ख्या वाडीची यादी काढून खुणा केल्या होत्या. बहात्तर पक्की. निकाल लागला. सखू बहात्तर, आत्माराम एकाहत्तर.

झालं! दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर भागोजी आणि वाडीतले पाच-सहा जण जमले आणि आत्माराम ती यादी घेऊन बसला. कोण फुटलं? एकेक घर पुन्हा मोजलं. मोजता मोजता तो स्वतःच्या घरावर आला. "आमची तीन," म्हणाला आणि गप्प झाला. मालन आत भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. राजेंद्र उंबऱ्यावर बसला होता, तेवीस वर्षांचा. त्यानं आईच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"बाबा, ते एक माझं," तो म्हणाला. "मी सखूकाकीला दिलं."

आत्माराम कसा उठला, काय काय बोलला, ते सांगण्यात अर्थ नाही. "मला पुन्हा तोंड दाखवू नको," हे शेवटचं. पुढे वाडीच्या बैठकीतही तो विषय निघाला, आणि 'बापाला पाडणारा' हे नाव पोराला कायमचं चिकटलं. तो मात्र त्याच दुपारी पिशवी भरून लांज्याला गेला आणि मुंबईची गाडी धरली. मालन तेव्हा बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू, हे शांत झाले की बोलू. पुढच्या वर्षी वाडीत नळ आला. ती नळाखाली हंडा लावायची आणि पाण्याचा आवाज ऐकून तिला रडू कोसळायचं. आजूबाजूच्या बाया म्हणायच्या, बघा, सुखाचे अश्रू.

तीन वर्षांपूर्वी आत्माराम गेला, खरं काय ते न कळताच गेला. राजेंद्र तेव्हाही आला नाही. धाकू सांगत होता, दोनदा बॅग भरलान आणि दोनदा खाली ठेवलान. त्यानंतर योगिनीनं मालनला फोन घेऊन दिला, नंबर कसा लावायचा ते शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी ती पोराला फोन करते.

"बरा हायस ना?"

"हो. तू?"

"मी बरी. ये रे एकदा."

"आये, वाडीत कुठल्या तोंडानं येऊ?"

"मी सांगते ना सगळ्यांना, की..."

"काय नको सांगू. ह्या वयात तुला बोल लावतील सगळे. मला सवय झालीय. ठेवू?"

ठेवू म्हणायचा आणि ठेवायचा. फोन काळा झाला तरी मालन तो कानाला धरून बसायची. पोराचा आवाज तेवढा तरी आला, पुढच्या रविवारला अजून सात दिवस. एवढ्यावर माणूस जगू शकतं हे मला तरी तिच्याकडे बघूनच कळलं.

तर यंदा वाडीत समाजमंदिर बांधून झालं. सखूनंच पाठपुरावा करून मंजूर करून आणलं. समाजमंदिराला बाबासाहेबांचं नाव, त्यात दुमत नव्हतं. आत कोपऱ्याच्या खोलीत वाचनालय काढलं, आणि भागोजीनं अर्ज दिला की वाचनालयाला आत्मारामचं नाव द्यावं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय क्रमांक सात. योगिनीनं नोटीस वाचून दाखवली तेव्हा मालननं लगेच धाकूला फोन लावला.

"धाकू, लिंक त्याला पण दे. म्हणावं बाबांच्या नावाचा विषय हाय."

"देतो काकी. पण तो येईल असं धरून बसू नको हां."

धरून बसू नको म्हणे! दुसरं काय करत होती ती अकरा वर्षं?

तीन वाजले. हॉलात पन्नासेक माणसं, आणि सुट्टीचा दिवस म्हणून टीव्हीवर साठाच्या वर चौकटी. मालननं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. महिपत. स्वप्ना. दीप्ती. सुहास. योगिनीनं बोटानं पडदा सरकवला की चौकटींचं दुसरं पान यायचं, तेही तिनं वाचलं. धाकूच्या चौकटीत नुसता छताचा पंखा फिरत होता, फोन कुठंतरी टेबलावर उताणा ठेवला असणार. राजेंद्र नव्हता. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नव्हता.

ग्रामसेवक हर्षद एकेक विषय वाचत गेला. हा हर्षद घाटावरचा, तरुण, आणि नियमाला इतका पक्का की चहासुद्धा विषयपत्रिका संपल्याशिवाय घ्यायचा नाही. सातवा विषय आला आणि भागोजी उठला. धोतराचा सोगा सावरला, टीव्हीकडे तोंड केलं.

"आत्मारामसारखा माणूस ह्या पंचायतीत बसायला हवा होता," तो म्हणाला. "बसलाही असता. पण घरच्याच मतानं घात केलान. बापाला पाडणारा पोरगा पोटी आला, त्याला कोण काय करणार! तर निदान त्याचं नाव तरी भिंतीवर राहू दे, एवढीच माझी सूचना हाय."

हॉलातल्या माना हलल्या. टीव्हीवरच्याही हलल्या. मालनच्या कानशिलातून कढत वाफा निघाल्या.

"सूचक भागोजी पवार," सरपंच सखू म्हणाली. "अनुमोदक कोण? मालनवैनी, तुमीच व्हा. तुमचाच मान हाय."

मालन उठली. गुडघे वाजले, ते तिला एकटीलाच ऐकू आले असावेत. तिनं टीव्हीकडे एकदा बघितलं. पंखा फिरत होता. राजेंद्र नसेल ऐकत, तिच्या मनात आलं. नसेल ऐकत तर नसेल. उद्या कोणीतरी त्याला सांगेल.

"मी अनुमोदन नाय देणार," ती म्हणाली.

हॉलात एकच गलका. "वैनी, असं काय?" "अहो, नवऱ्याचं नाव हाय!" सखूनं टेबलावर हात आपटला तेव्हा कुठं शांत झालं.

"मला तो अधिकारच नाय," मालन म्हणाली. "ते मत राजेंद्राचं नव्हतं. माझं होतं. सखूला मी मत दिलं."

हर्षद घाईघाईनं म्हणाला, "काकी, मतदान गुप्त असतं. असं सभेत सांगायची काही गरज नाही."

"गुप्त माझंच हाय ना, भाऊसाहेब? मग मीच सांगते." ती हॉलाकडे वळली. "सखूला मत दिलं त्याची मला लाज नाय. पाणी मी भरत होते, मत माझं होतं, मला पटलं त्याला दिलं. ह्यांचं वाचनालय पण चांगलंच होतं. पण माझी मान दुखत होती. लाज मला दुसऱ्याची हाय. पोरानं माझा हात थांबलेला बघितलान आणि माझ्यासाठी खोटं बोललान, आणि मी तवा गप्प बसले. ह्यांना मरेपर्यंत बोलले नाय. पोराला तुमी काय काय बोललात, ते मी ऐकून घेतलं. अकरा वर्षं ऐकून घेतलं. आता नाय घेणार."

सखू तिच्याकडे बघतच राहिली. अकरा वर्षं जिच्या एका मतावर तिचा कारभार उभा राहिला होता, ती बाई पुढच्या सतरंजीवर उभी होती, आणि सखूला कधी साधा संशयही आला नव्हता.

भागोजी मात्र हसला. वाईट नाही, कीव केल्यासारखा. "वैनी, आईचं काळीज ते! पोराला वाचवायला आई काय वाट्टेल ते बोलंल. पण तो स्वतःच्या तोंडानं बोललान होता, माज्यासमोर. मी होतो ना ओटीवर."

आणि पुन्हा माना हलल्या! खरं सांगायला अकरा वर्षं घालवावीत, सगळ्या गावासमोर स्वतःला उघडं करावं, आणि लोकांनी म्हणावं की ही खोटं बोलते. मालनला वाटलं, भूमी पोटात घेईल तर बरं. तिच्याकडे पुरावा कसला असणार? बटण दाबल्याचा कुठं ठसा उरतो?

"भागोजीकाका."

आवाज टीव्हीतून आला. कुठल्या चौकटीतून ते कुणाला कळेना. योगिनीनं धावत जाऊन आवाज मोठा केला.

"काका, मी राजेंद्र. धाकूकडे बसलोय. मी तुमच्यासमोर बोललो ते खोटं होतं. आये सांगते ते खरं आहे."

मालनला फक्त पंखा दिसत होता.

"माझं मत बाबांनाच होतं," आवाज पुढे म्हणाला. मागून दिव्याच्या चाळीतली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. "मला पण वाचनालय हवं होतं. भाऊसाहेब, अनुमोदक म्हणून माझं नाव लिहा. राजेंद्र आत्माराम मोहिते."

भागोजी मटकन खाली बसला. हर्षदनं मतदारयादी काढली, बोट फिरवत खाली आला आणि थांबला. "नाव आहे यादीत," तो म्हणाला. "इथलंच आहे, हलवलेलं नाही. पण अडचण अशी की अनुमोदकाची सही रजिस्टरमध्ये लागते. ऑनलाइन चर्चा करता येते, सही करता येत नाही. त्यांना इथं यावं लागेल, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी नाव..."

"दुसऱ्याचं नाय," सखू म्हणाली. "जागा मोकळी सोडा."

"मॅडम, इतिवृत्त आठ दिवसांत वर पाठवायचं असतं."

"मग आठ दिवस मोकळी सोडा!"

पन्नास माणसं इथली आणि साठ मुंबईची, सगळी एका पंख्याकडे बघत होती. दर रविवारी 'ये रे' म्हणणाऱ्या मालनच्या तोंडून आता तेवढे दोन शब्दही निघेनात. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. मग टीव्हीवर तो पंखा हलला, तिरका झाला, भिंत आली, भिंतीवरचं कॅलेंडर आलं आणि कुणीतरी फोन उचलून समोर धरला.

गेला तेव्हा पोरगा होता, विरळ मिशीचा. चौकटीत एक चांगला बाप्या बसला होता. कानाशी केस पांढरे. कपाळ थेट आत्मारामचं. डोळे पुसून पुसून लाल झालेले. मालनला वाटलं, हात लांब केला तर लागेल, आणि खरोखरच तिचा हात वर झाला. पंचायतीतली बाई टीव्हीला हात लावते म्हणून एरवी लोक हसले असते. कोणी हसलं नाही.

राजेंद्र तिच्याकडे बघत होता. त्याला ती दिसत होती की नाही कुणास ठाऊक, स्टँडवरचा फोन सरपंचाच्या टेबलाकडे तोंड करून होता. योगिनीच्या ते लक्षात आलं. तिनं हळूच स्टँड फिरवला.

त्यानं फोन तोंडाजवळ आणला.

"येतो," तो म्हणाला.

आणि लगेच चौकट काळी झाली. रेंज गेली, की त्यानंच फोन बंद केला, काय माहीत. हॉलात हळूहळू कुजबुज सुरू झाली. कोणी मालनच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला. हर्षदनं घसा साफ केला आणि विषय क्रमांक आठ वाचायला घेतला.

"भाऊसाहेब," मालन म्हणाली, "लिवलंत?"

"काय, काकी?"

"येतो म्हणाला ते."

"तसं इतिवृत्तात लिहीत नाहीत हो," हर्षद अगदी मऊपणानं म्हणाला. "ठराव तेवढाच लिहायचा असतो."

"सगळ्यांनी ऐकलंय. इथल्यांनी पण, मुंबईवाल्यांनी पण. लिवा."

हर्षदनं सरपंचाकडे बघितलं. सखू पदरानं डोळे पुसत होती. ती म्हणाली, "लिवा ना, मेल्या."

त्यानं पेन उचललं. मालन सतरंजीवरून टेबलापाशी गेली, आणि तो लिहीत असताना एकेक अक्षर लावत, वाचत उभी राहिली.